घर एडिसनला, ऑफिस मॅनहॅटनला: दोन राज्यांचा आयकर कसा भरायचा

न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीहून, ऑल्बनीहून, आलेलं पाकीट मी दोन दिवस किराणाच्या कूपनांखाली तसंच पडू दिलं होतं. न्यूयॉर्कच्या कर खात्याला माझ्याशी काय देणंघेणं असणार? मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. काम करतो घरच्या जेवणाच्या टेबलावर. मॅनहॅटनच्या ऑफिसात महिन्यातून दोनदा तोंड दाखवायचं, एवढाच काय तो न्यूयॉर्कशी संबंध. पाकीट उघडलं तेव्हा कळलं की वर्षभराच्या अख्ख्या पगारावर न्यूयॉर्क कर मागतंय, व्याजासकट.

चूक अर्धी माझी, अर्धी कंपनीची. कंपनी छोटी. पेरोल बघणाऱ्याने माझा घरचा पत्ता पाहून फक्त न्यू जर्सीचा कर कापला आणि मीही फक्त न्यू जर्सीचं रिटर्न भरून मोकळा झालो. ते निस्तरण्यात पुढचं सव्वा वर्ष गेलं. दर गणपतीत मंडळामध्ये नवीन आलेलं कुणीतरी हाच प्रश्न घेऊन भेटतं, म्हणून एकदाचं सगळं क्रमाने लिहून काढतोय. मी सीपीए, म्हणजे इथला सीए, नाही. माझ्या पायात रुतलेले काटे कुठे होते तेवढं सांगतो. उदाहरण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या जोडीचं आहे, कारण आपली बरीच मंडळी त्याच जोडीत अडकलेली आहेत. बाकी राज्यांचं शेवटाकडे थोडक्यात आहे.

१. दोन राज्यांचे दोन वेगळे हक्क

फेडरल कर तुम्ही कुठेही बसून काम केलंत तरी तोच. घोळ होतो तो स्टेट टॅक्सचा. भारतात आयकर एकटं केंद्र सरकार घेतं, राज्याचा संबंध व्यवसाय करापुरता, म्हणजे महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. त्यामुळे राज्याचं वेगळं आयकर रिटर्न ही कल्पनाच आपल्या डोक्यात नसते.

इथे तुम्ही जिथे राहता ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, ते कुठूनही आलेलं असो. आणि जिथे ते उत्पन्न ‘निर्माण झालं’ असं मानलं जातं, ते राज्य तेवढ्या भागावर कर लावतं. एकाच पगारावर दोघंही हात ठेवू शकतात. मग घरचं राज्य परक्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट देतं, म्हणजे ती रक्कम आपल्या करातून वजा करतं. म्हणून बहुतेकांना कर दोनदा भरावा लागत नाही, पण दोघांपैकी ज्याचा जास्त असेल तेवढा भरावाच लागतो.

अलास्का, फ्लॉरिडा, नेव्हाडा, न्यू हॅम्पशर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या ९ राज्यांत पगारावर स्टेट टॅक्स नाही. तिथे राहणाऱ्यांनी लगेच हुरळून जाऊ नये. कारण पुढच्याच मुद्द्यात आहे.

२. कंपनीचं राज्य कोणत्या गटातलं, ते बघा

बहुतेक राज्यांचा नियम सरळ आहे: काम करताना तुम्ही प्रत्यक्ष जिथे असता, तिथलं ते उत्पन्न. कॅलिफोर्निया या गटात येतं. कंपनी सॅन होजेची असली आणि तुम्ही वर्षभर ऑस्टिनला बसून काम केलंत, तर त्या वर्षाच्या पगारावर कॅलिफोर्निया हक्क सांगत नाही. मात्र आधी कॅलिफोर्नियात राहून काम करत असताना शेअर्स मिळाले असतील आणि ते व्हेस्ट झाले (म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या मालकीचे झाले) ऑस्टिनला गेल्यावर, तर मधल्या काळातल्या तिथल्या कामाच्या दिवसांच्या हिशेबाने कॅलिफोर्निया आपला वाटा घेतं. आरएसयूवाल्यांनी, म्हणजे कंपनीकडून असे शेअर्स मिळणाऱ्यांनी, हे विसरू नये.

दुसऱ्या गटातल्या राज्यांत ‘कन्व्हिनियन्स ऑफ द एम्प्लॉयर’ नावाचा नियम चालतो. न्यूयॉर्क त्यातलं सगळ्यांत कडक. तुमचं मुख्य ऑफिस न्यूयॉर्कात असेल आणि घरून काम तुम्ही आपल्या सोयीसाठी करत असाल, तर घरी काम केलेला दिवससुद्धा न्यूयॉर्कचा दिवस धरतात. तुम्हाला घरी बसवणं ही कंपनीची अपरिहार्य गरज आहे हे सिद्ध झालं, तरच सूट. पेन्सिल्व्हेनिया, डेलावेअर आणि नेब्रास्का इथेही या जातीचे नियम आहेत. कनेक्टिकट आणि २०२३ पासून न्यू जर्सी यांनी हा नियम जशास तसा लावलाय: तुमचं राज्य आमच्या लोकांना असं वागवत असेल, तर आम्हीही तुमच्या लोकांना तसंच वागवू.

‘पण मी तर घरीच असतो, कोर्टात टिकेल का हे?’ हा प्रश्न मीही विचारला होता. कार्डोझो लॉ स्कूलचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की स्वतः कायदा शिकवतात. राहायला कनेक्टिकटात, कॉलेज मॅनहॅटनला. घरी बसून केलेल्या कामाच्या दिवसांसाठी ते न्यूयॉर्कशी भांडले आणि २००३ साली हरले. करोनाकाळातल्या करासाठी पुन्हा भांडले, तर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कर अपील ट्रायब्युनलने परत न्यूयॉर्कचीच बाजू उचलून धरली. टेनेसीत राहणाऱ्या एका प्रोग्रॅमरची गोष्ट तर आपल्या आणखी जवळची आहे. तो सुमारे पाऊण काम घरून करायचा, उरलेलं क्वीन्सच्या ऑफिसात. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या १०० टक्के पगारावरचा कर कायम केला. टेनेसीत पगारावर करच नाही, म्हणजे क्रेडिट द्यायलाही कुणी नाही. फ्लॉरिडात घर घेऊन मॅनहॅटनची नोकरी चालू ठेवण्याचे बेत करणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

पळवाट अगदीच नाही असं नाही. तुमचं घर हेच कंपनीचं खरंखुरं ऑफिस आहे असं दाखवता आलं तर सुटका होते. त्यासाठी न्यूयॉर्कने २००६ मध्ये काढलेल्या परिपत्रकात कसोट्यांची भलीमोठी यादी आहे: घरून काम ही नोकरीची अट आहे का, घरी ग्राहक भेटायला येतात का, खर्च कंपनी देते का, ऑफिसात तुमच्यासाठी जागा ठेवलेली आहे का, वगैरे. लॅपटॉप आणि हेडफोन दिलेत म्हणून जेवणाचं टेबल ऑफिस होत नाही. ज्यांनी वर्षभरात न्यूयॉर्कात एकही दिवस काम केलेलं नाही आणि ज्यांच्या ऑफर लेटरवर कामाचं ठिकाण म्हणून घरचाच पत्ता आहे, त्यांची बाजू बरीच मजबूत असते. अशांनी मुकाट्याने कर भरण्याआधी दोन राज्यांची कामं करणाऱ्या सीपीएला एकदा तरी गाठावं.

३. पहिल्या आठवड्यातच पेरोलशी बोला

मी हे केलं नाही, म्हणून हा लेख. रुजू होताना एचआरला एक सरळ ईमेल टाका: मी अमुक राज्यात राहतो, आठवड्यातून इतके दिवस घरून काम करणार, माझं नेमून दिलेलं ऑफिस कोणतं, आणि कोणत्या राज्याचा कर कापणार? उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘येस, येस, वी विल टेक केअर’ पुढे कामाला येत नाही.

न्यूयॉर्कच्या कंपनीला आयटी-२१०४ हा फॉर्म द्यावा लागतो. त्यावर तुम्ही न्यूयॉर्क सिटीचे रहिवासी आहात का असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’. शहराचा आयकर फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो, बाहेरून येणाऱ्यांवरचा कम्युटर टॅक्स १९९९ मध्येच बंद झाला. ही खूण चुकली तर वर्षभर शहराचा कर कापला जातो आणि तो परत मिळवायला पुढच्या वर्षीच्या रिटर्नपर्यंत थांबावं लागतं. सगळे दिवस न्यूयॉर्कचे नसतील आणि ते तुम्ही सिद्ध करू शकत असाल, तर जोडीला आयटी-२१०४.१ भरून पगाराचा किती भाग न्यूयॉर्कचा ते सांगता येतं. नियम नीट लागू होतो की नाही हे न बघता या फॉर्मवर ‘१० टक्के’ लिहू नका. ऑल्बनीची पाकिटं तिथूनच निघतात.

न्यूयॉर्कचा कर पुरेसा कापला जात असेल तर पेस्लिपवर न्यू जर्सीचा आयकर शून्य दिसू शकतो. घाबरू नका, ते बरोबर आहे. उलट न्यू जर्सीचा बेकारी विमा आणि फॅमिली लीव्हची छोटी कपात दिसली तर तीही बरोबर असू शकते. त्या कपाती तुम्ही प्रत्यक्ष काम कुठे करता यावर ठरतात, आयकराचं वेगळं.

एच-१बी व्हिसावर असाल तर घरून काम सुरू करण्याआधी आणि घर बदलण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला कळवा. एलसीएवर, म्हणजे या व्हिसासाठी कंपनीने कामगार खात्याकडे भरलेल्या अर्जावर, कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं, आणि नवीन घर त्या परिसराबाहेर असेल तर व्हिसाची पिटिशन दुरुस्त करावी लागते. कराच्या चुकीला दंड भरून सुटता येतं, इथल्या चुकीला तसं नाही.

४. कागद गोळा करा

जानेवारीत एक फोल्डर उघडा आणि त्यात हे टाकत जा:

- डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा फॉर्म, सगळ्या पानांसकट. कंपनीने तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो.
- वर्षातली शेवटची पेस्लिप. ४०१(के) (निवृत्तीसाठीची बचत) आणि आरोग्य विम्याचे वर्षभराचे आकडे हिच्यावर सापडतात.
- ऑफर लेटर आणि घरून कामाबद्दलचा एचआरचा ईमेल.
- दिवसांची नोंद: ऑफिसात कोणते दिवस, घरी कोणते, सुट्टीवर कोणते, भारतात गेलात ते कोणते.
- भाडेकरार आणि भाड्याच्या पावत्या, किंवा प्रॉपर्टी टॅक्सचं बिल.
- बँकेच्या व्याजाचे १०९९ फॉर्म, आणि भारतातल्या एफडीच्या व्याजाचं प्रमाणपत्र.
- मागच्या वर्षीची तिन्ही रिटर्न: फेडरल आणि दोन्ही राज्यांची.

दिवसांच्या नोंदीसाठी मी फोनच्या कॅलेंडरमध्ये रोज एक अक्षर टाकतो, ऑफिसला ‘ऑ’ आणि घराला ‘घ’. जोडीला ट्रेनच्या तिकिटांचे ईमेल ठेवतो. वर्षअखेरीला आठवून लिहिलेली यादी कुणी मानत नाही, आणि खरं सांगायचं तर ती बरोबरही नसते.

५. डब्ल्यू-२ वरच्या दोन ओळी बघून दचकू नका

हे मात्र नीट वाचा. दरवर्षी निम्मे फोन मला यावरूनच येतात.

समजा पगार १,२०,००० डॉलर. त्यातून ४०१(के) मध्ये ६,००० गेले आणि आरोग्य विम्याचे ३,६०० डॉलर कर लागण्याआधी कापले गेले. चौकट १ मध्ये, म्हणजे फेडरल पगारात, १,१०,४०० दिसतील. खाली चौकट १५ ते १७ मध्ये राज्यांच्या ओळी असतात. न्यूयॉर्कच्या ओळीत चौकट १६ मध्ये १,१०,४००, आणि तिच्याच खाली न्यू जर्सीच्या ओळीत १,१४,०००. बेरीज होते जवळजवळ सव्वादोन लाख, आणि माणूस म्हणतो, माझा पगार दुप्पट कुणी दाखवला?

कुणी दाखवलेला नाही. न्यूयॉर्कचा नियमच असा की त्यांच्या ओळीत फेडरल पगाराचा पूर्ण आकडा टाकायचा. न्यू जर्सीला तोच पगार आपल्या पद्धतीने मोजून हवा असतो. ४०१(के) ची वजावट न्यू जर्सी मान्य करतं, पण विम्याचा हप्ता करमुक्त धरत नाही. एचएसएला, म्हणजे औषधोपचारासाठीच्या करमुक्त बचत खात्याला, तर ओळखतच नाही. म्हणून तिथला आकडा चौकट १ पेक्षा मोठा. या दोन ओळींची बेरीज करायची नसते.

न्यू जर्सीची ओळ डब्ल्यू-२ वर मुळातच नसेल तर पेस्लिप घेऊन तो आकडा स्वतः काढावा लागतो. सॉफ्टवेअर चौकट १ चाच आकडा उचलून पुढे जातं आणि त्यात चूक आहे हे सांगत नाही.

६. आधी परक्या राज्याचं रिटर्न, मग घरचं

क्रम उलटा केलात की सगळं फिसकटतं, कारण घरच्या राज्याच्या क्रेडिटचा आकडा परक्या राज्याच्या रिटर्नमधून येतो. सॉफ्टवेअर वापरत असाल तरी आधी फेडरल पूर्ण करा, मग न्यूयॉर्कचा बाहेरच्यांसाठीचा आयटी-२०३, आणि शेवटी न्यू जर्सीचा एनजे-१०४०. त्याला एनजे-सीओजे हे परिशिष्ट जोडायचं असतं. क्रेडिट त्यातूनच मिळतं.

न्यूयॉर्क एक गंमत करतं. आधी तुमच्या सगळ्या उत्पन्नावर तुम्ही तिथलेच रहिवासी असल्यासारखा कर काढतं, आणि मग त्याला न्यूयॉर्कच्या उत्पन्नाच्या टक्केवारीने गुणतं. त्यामुळे बायकोची नोकरी न्यू जर्सीतली असली आणि रिटर्न एकत्र भरलं, तर तिच्या पगारावर न्यूयॉर्क थेट कर लावत नसलं तरी तिच्या पगारामुळे दर वर चढतो.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. कराचे आकडे समजण्यापुरते घेतलेत. जोडीला भारतातल्या एफडीचं १,००० डॉलर व्याज धरा. न्यूयॉर्कचा कर आला ५,७०० डॉलर. न्यू जर्सीत एकूण उत्पन्न १,१५,०००, त्यावर कर ४,९००. दोन्ही राज्यांनी कर लावलेलं उत्पन्न १,१०,४००, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या ९६ टक्के. ४,९०० चे ९६ टक्के ४,७०४. क्रेडिट मिळणार ते हे ४,७०४ किंवा न्यूयॉर्कला प्रत्यक्ष लागलेला कर, यातलं जे कमी असेल तेवढं. म्हणजे ४,७०४. न्यू जर्सीला उरले १९६ डॉलर. न्यूयॉर्कला वरचे जे ९९६ गेले ते गेलेच, न्यू जर्सी ते परत करत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: क्रेडिटसाठी न्यूयॉर्कचा कर म्हणून डब्ल्यू-२ च्या चौकट १७ मधला कापलेला आकडा टाकायचा नाही. आयटी-२०३ वर हिशेबाने निघालेला खरा कर टाकायचा. कापले ६,५००, कर निघाला ५,७००, तर क्रेडिटचा हिशेब ५,७०० वर. उरलेले ८०० न्यूयॉर्क परत करणारच आहे, त्यावर न्यू जर्सीकडूनही क्रेडिट कसं मिळेल? दुसरा: न्यू जर्सीत भाडेकरूंनाही प्रॉपर्टी टॅक्सची सवलत असते. वर्षाच्या भाड्याच्या १८ टक्के रक्कम प्रॉपर्टी टॅक्स धरतात. तिची वजावट घ्यायची की सरळ ५० डॉलरचं क्रेडिट, हे निवडायचं असतं. सगळा पगार न्यूयॉर्कात गेलेल्या माणसाला वजावटीचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण न्यू जर्सीचा कर क्रेडिटने आधीच संपलेला असतो. दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघा. ५० तर ५०, एका थाळीचे तरी पैसे सुटतात.

७. भारतातलं व्याज लपवू नका

फेडरल कायद्याने तुम्ही इथले रहिवासी ठरलात की सांगलीच्या बँकेतल्या एफडीचं व्याजही दाखवावं लागतं. भारतात कापलेल्या टीडीएसबद्दल फेडरलमध्ये फॉर्म १११६ भरून क्रेडिट मागता येतं. न्यू जर्सी मात्र परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही. न्यूयॉर्क त्या व्याजावर तुमच्याकडून कर घेत नाही, पण टक्केवारीच्या हिशेबात ते धरलं जातं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा भरायचा. त्याचा कराशी संबंध नाही, पण न भरल्याचा दंड जबरी आहे.

वर्षाच्या मध्यात अमेरिकेत आलेल्यांचं पहिलं वर्ष वेगळं असतं. अमेरिकेत राहिल्याच्या १८३ दिवसांच्या हिशेबात बसत नसाल तर फेडरल फॉर्मच बदलतो. त्या एका वर्षापुरते सीपीएचे पैसे खुशाल द्या.

८. बाकीच्या जोड्या, थोडक्यात

न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया: दोघांत करार आहे, पगारावर फक्त राहत्या राज्याचा कर. न्यू जर्सीत राहून पेन्सिल्व्हेनियाच्या कंपनीत असाल तर त्यांना आरइव्ही-४१९ द्या, उलटं असेल तर एनजे-१६५. फॉर्म दिला नाही तर चुकीच्या राज्याचा कर कापला जाऊन परत मागत बसावं लागतं. करारात फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स, म्हणजे शहराचा पगारावरचा कर, येत नाही. कंपनीने तुम्हाला शहराबाहेरच्या घरून काम करायलाच लावलं असेल तर तेवढ्या दिवसांवर तो लागत नाही. स्वतःच्या सोयीने घरी असाल तर लागतो.

वर्षाच्या मध्यात राज्य बदललं: दोन्हीकडे अर्ध्या वर्षाचे रहिवासी म्हणून रिटर्न भरावं लागतं. घर बदलल्याची तारीख भाडेकरारावरून आणि नव्या ड्रायव्हिंग लायसन्सवरून दाखवता आली पाहिजे.

कर पुरेसा कापला जात नसेल तर तिमाही हप्ते भरा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. न्यू जर्सीत ४०० डॉलरपेक्षा जास्त देणं राहणार असेल तर हे लागतं, न्यूयॉर्कात ३०० पासून. मुदतवाढ घेतलीत तरी ती रिटर्न भरण्यापुरती. पैसे मूळ तारखेलाच द्यायचे.

९. नोटीस आली तर

माझ्यासारखं पाकीट कूपनांखाली ठेवू नका. वरची तारीख बघा, उत्तराची मुदत तिथून मोजतात. मग कोणतं वर्ष आणि नेमकं काय मागितलंय ते वाचा. पुष्कळदा नुसते कागद मागितलेले असतात.

माझ्यासारखी चूक झाली असेल तर आधी राहिलेलं आयटी-२०३ भरा आणि व्याजासह पैसे द्या. मग त्याच वर्षाचं न्यू जर्सीचं रिटर्न एनजे-१०४०एक्सने दुरुस्त करून क्रेडिट मागा. परताव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती निघून गेली तर एकाच पगारावर खरोखर दोनदा कर बसतो. मधल्या काळासाठी पैशांची सोय करून ठेवा. न्यूयॉर्कला आधी द्यावे लागतात, न्यू जर्सीकडून मागाहून येतात. मला सात महिने लागले. त्यात एकदा त्यांनी आयटी-२०३ ची प्रत आणि न्यूयॉर्कला पैसे भरल्याचा पुरावा मागवला. चेकचा फोटो मी ठेवला नव्हता, तो बँकेकडून काढून घ्यावा लागला. आता जे काही भरतो त्याचा स्क्रीनशॉट लगेच त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकतो, आणि कागद टपालाने पाठवायचे असतील तर सर्टिफाइड मेलची हिरवी पावती त्याच पाकिटाला टाचून ठेवतो.